ऑफिसचं इंटरनेट बदलायचंय, पण सगळं काम क्लाउडवर. सल्ला हवा

नाशिकला आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. टॅली क्लाउड सर्व्हरवर, आम्ही सहाजण रिमोट डेस्कटॉपने (आपल्या संगणकावर सर्व्हरची स्क्रीन उघडून) काम करतो. सध्याची लाइन दुपारनंतर सारखी पडते, तक्रार केली की फक्त नंबर मिळतो. दुसरी कंपनी 300 एमबीपीएस देतेय. काम न थांबता बदल कसा करावा?

पुणेकर_नेटवर्क
स्पीडच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. रिमोट डेस्कटॉपला 300 एमबीपीएस लागतच नाही. तिथे पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) महत्त्वाचे. नवी लाइन बसली की कमांड प्रॉम्प्टवर सर्व्हरला सलग पिंग लावा आणि भर दुपारी तासभर चालू ठेवा. मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं तर ती लाइन कितीही वेगवान असली तरी तुमच्या उपयोगाची नाही.

आणि मुख्य प्रश्न: सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी यंत्रणा) तुमच्या ऑफिसचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नोंदवलाय का? असेल तर जुनी लाइन बंद केली त्या क्षणी सगळे बाहेर!

लॅबवाली_ताई
आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, रिपोर्ट क्लाउडवरूनच जातात. माझं ऐका, जुनी लाइन लगेच सोडू नका. महिनाभर दोन्हीचे पैसे भरा, ते वाया जात नाहीत. पण दोन्ही केबल कुठून येतात ते लाइनमनलाच विचारा. आमच्या दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून यायची, रस्ता खोदला तेव्हा दोन्ही एकदम गेल्या. आता दुसरी लाइन म्हणून फाइव्हजी सिमचा राउटर ठेवलाय.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, दोघांचे आभार. सर्व्हरवाल्यांना विचारलं, आमचा आयपी नोंदवलेला आहे. नवी लाइन काल बसली. राउटरमध्ये वॅन आयपी (कंपनीने लाइनला दिलेला पत्ता) 100.81 ने सुरू होतोय. हाच कळवू का?

पुणेकर_नेटवर्क
नाही, थांबा. 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा आयपी म्हणजे सीजीनॅट, कंपनीच्या जाळ्यातला आतला पत्ता. बाहेर दिसणारा आयपी वेगळाच असतो आणि तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तो नोंदवलात तर त्याच्यामागच्या अनोळखी लोकांनाही सर्व्हरच्या लॉगिनपर्यंत वाट मोकळी होते, शिवाय तो कधीही बदलू शकतो. कंपनीकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आणि फक्त तुमचा आयपी मागा. वेगळे पैसे पडतील, पण तुमच्या कामाला तो हवाच. मिळाला की जुना न काढता नवा नोंदवून घ्या, म्हणजे दोन्ही लाइनवरून लॉगिन होईल.

ताई म्हणतात तसं सिम जोडणार असाल तर तिथेही हीच अडचण येईल. त्यावर उपाय व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतची लॉगिन करून वापरायची खासगी, सुरक्षित जोडणी), ते सर्व्हरवाले लावून देतात. ड्युअल वॅन (दोन लाइन जोडता येणारा) राउटर लाइन आपोआप बदलतो खरा, पण बदलताना चालू सेशन तुटतं. व्हाउचर सेव्ह करायची सवय सगळ्यांना लावा.

लॅबवाली_ताई
ऑफिसचा ईमेल पत्ता जुन्या इंटरनेट कंपनीने दिलेला नाही ना? तेही बघा, ओटीपी तिथे जात असतील तर आधी बदला. जुना राउटर परत केल्याची पावती घ्या, डिपॉझिट मागताना उपयोगी पडते.

पुणेकर_नेटवर्क
आणि तारीख सांभाळा. 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, या जीएसटी रिटर्नच्या दर महिन्याच्या शेवटच्या तारखा. बदल 21 नंतरच्या शनिवारी करा, सोमवारपर्यंत निस्तरायला वेळ मिळतो.

प्रश्नकर्ता
स्टॅटिक आयपीचा अर्ज आत्ताच दिला. मिळाला की दोन्ही लाइनवर पिंग लावून आकडे इथेच टाकतो.