‘फॉयरत्सांगेनबोवले’ला निरागस म्हणावे का?

गटिंगनकर
‘फॉयरत्सांगेनबोवले हा शाळेवरचा जर्मन विनोदी चित्रपट राजकारणाचा वाराही न लागलेला आहे’ असे काल येथे कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. २८ जानेवारी १९४४ रोजी बर्लिनवर बॉम्ब पडत असतानाच्या काळात तो प्रथम दाखवला गेला. शिक्षकांची टवाळी होते म्हणून नाझी शिक्षणमंत्री रुस्ट यांनी हरकत घेतली, तेव्हा नायक हाइन्झ र्‍यूमान स्वतः प्रत घेऊन हिटलरच्या मुख्यालयात गेला आणि परवानगी मिळवून आला. त्यातला तरुण शिक्षक ब्रेट म्हणतो की, कोवळी झाडे सरळ वाढावीत म्हणून बांधावी लागतात, तशीच मुलेही शिस्तीने बांधली पाहिजेत. म्हाताऱ्या शिक्षकांना सारे हसतात, ब्रेटला मात्र कोणीही हसत नाही.

जर्मनच्या बाई
एका भाषणावरून आपण सगळा चित्रपट निकालात काढता, याचा मला राग येतो. ज्यावरून तो निघाला ती ष्पोर्ल यांची कादंबरी १९३३ ची आहे आणि घरीच शिकवणी झाल्यामुळे शाळेला मुकलेला लेखक फायफर मोठेपणी विद्यार्थी होऊन बसतो, एवढीच तिची गोष्ट आहे. आंबवण्याची क्रिया शिकवताना क्राय सर ब्लूबेरीची वाइन आणतात, प्रत्येकाला एकच इवलासा घोट बजावून देतात आणि सगळा वर्ग झिंगल्याचे सोंग करतो. पुण्यातल्या माझ्या वर्गात दरवर्षी याच प्रसंगाने मुलांची भीड चेपते.

वऱ्हाडकर
त्याच प्रसंगात मुले क्राय सरांच्या उच्चारांची नक्कल करतात, त्याचे काय? माझी आई शिक्षिका होती. बदली होऊन शहरात आल्यावर तिच्या वऱ्हाडी बोलीची वर्गात नक्कल होऊ लागली आणि तिने कविता मोठ्याने वाचणे सोडून दिले. मला त्या प्रसंगाला हसता येत नाही.

कोलोनवासी
आईंबद्दल वाईट वाटले, पण बोलीचा मुद्दा येथे उलटा आहे. त्याच चित्रपटातले ब्योमेल सर ऱ्हाइनकाठच्या, म्हणजे आमच्या कोलोनकडच्या बोलीत वाफेचे इंजिन शिकवतात: एक मोठी काळी खोली, तिला भोके, एक भोक भट्टीचे, दुसऱ्याचे नंतर पाहू. जर्मनची प्रमाणपत्रे घेऊन मी कोलोनला आलो तेव्हा बेकरीवालीचे एक वाक्य मला कळेना. माझ्या सहकाऱ्याने हा धडा तोंडपाठ म्हणून दाखवला आणि ‘माझे आजोबा असेच बोलत’ असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

वऱ्हाडकर
ब्योमेल आणि क्राय यांना एकाच तराजूत घालू नका. ब्योमेल आपल्या बोलीत सुखाने बोलतात. क्राय यांचे स्वर मात्र हसण्यासाठीच वाकडे केलेले आहेत, आणि शेवटी फायफर त्यांचाच वेश घेऊन, त्यांचेच उच्चार काढून मुलींच्या वर्गाला शिकवतो. माणसाच्या जिभेवर बेतलेला विनोद तुम्हाला प्रेमळ वाटत असेल, तर तुमच्यावर तशी वेळ आलेली नाही.

कोलोनवासी
परदेशात वीस वर्षे माझ्या जर्मनला लोक हसले आहेत. वेळ आली नाही, हे आपण कोणत्या आधारावर म्हणता? क्रायबद्दल आपले म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ब्योमेलबद्दल मी तसूभरही हटणार नाही.

गटिंगनकर
गटिंगनला, या जर्मन विद्यापीठाच्या गावी, विद्यार्थी डिसेंबरात फुलबाज्या आणि गजराची घड्याळे घेऊन हा चित्रपट पाहतात. मीही त्यांच्यात बसलो आहे आणि पोट धरून हसलो आहे, हे नाकारत नाही. ब्रेट बोलू लागला, तेव्हा माझ्या हातातली फुलबाजी मी खाली ठेवली होती.

जर्मनच्या बाई
वेळ वाचावा म्हणून ब्रेटचे भाषण मी वर्गात वगळत आले, हे खरे. यंदा ते दाखवीन आणि चित्रपट आला ती तारीखही सांगेन. वाइनचा प्रसंग मात्र त्याच्या आधीच दाखवीन.