पेंट शॉपच्या हवेचा रिपोर्ट 'मर्यादेत' आलाय, मग माणसांची डोकी का दुखतात?

इंद्रायणीनगर_ताई:
नमस्कार. माझे मिस्टर भोसरी एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या युनिटमध्ये पेंट शॉपला आहेत, नऊ वर्षं झाली. ट्रॅक्टरचे पार्ट येतात, प्रायमर मारायचा, वर टॉपकोट, मग ओव्हन. शिफ्ट कागदावर आठ तासांची, पण ओटी धरून सकाळी आठ ते रात्री आठ. सुट्टी गुरुवारची.

शुक्रवारी ठीक जातात. मंगळवार-बुधवारपर्यंत अशी गत होते की घरी आल्यावर चप्पल काढतानाच भिंतीला हात टेकतात. जेवण अर्धं. दोनदा विचारलं की एकदा उत्तर. रात्री खोकला. उशीचा अभ्रा धुतला तरी थिनरचा वास जात नाही. गुरुवारी दुपारनंतर कुठे माणूस माणसात येतो.

महिन्यापूर्वी कंपनीने हवा तपासून घेतली. रिपोर्टचा फोटो यांनी आणला. टोल्युईन ३४ पीपीएम, झायलीन २९ पीपीएम, खाली 'मर्यादेत'. सुपरवायझर म्हणतात हवा चांगली आहे, तुमचीच तब्येत नाजूक. पण सात जणांतल्या पाच जणांचं डोकं दुखतं. सगळेच नाजूक कसे? मी बारावी कॉमर्स, मला हे आकडे कळत नाहीत. भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

सेफ्टीवाले_काका:
ताई, या पट्ट्यात ३१ वर्षं सेफ्टीचं काम केलंय, आता निवृत्त आहे. आकड्यांवर नंतर येऊ. आधी मिस्टरांना विचारा: हवेचा नमुना ओढणारा पंप कुठे लावला होता, किती वेळ चालला, आणि तेव्हा शॉपमध्ये काय काम चालू होतं?

इंद्रायणीनगर_ताई:
विचारलं काका. शटरजवळच्या खांबाला अडकवला होता. अकरा ते साडेअकरा. रंग मारायची एकच स्प्रे गन चालू होती, दुसरीवरचा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता.

सेफ्टीवाले_काका:
मग तो रिपोर्ट खांबाचा आहे, तुमच्या मिस्टरांचा नाही.

माणूस काय हुंगतो हे मोजायचं तर पंप त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लागतो आणि वाफ धरून ठेवणारी कोळशाची काचनळी कॉलरला, नाकातोंडापासून साधारण फूटभर अंतरात. तीही पूर्ण शिफ्टभर, नळ्या बदलत. गन मारणारा पार्टवर वाकलेला असतो, त्याच्या तोंडापुढची हवा आणि शटरजवळची हवा यात फार फरक पडतो. शिवाय दिवसातला सगळ्यात वाईट वेळ म्हणजे संध्याकाळी गन आणि भांडी थिनरने धुतात तो. तो तुमच्या अर्ध्या तासात आलाच नाही. त्यासाठी १५ मिनिटांचा वेगळा नमुना घ्यायचा असतो.

आता आकडे. टोल्युईन आणि झायलीन ही थिनरमधली रसायनं, आणि पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्यांचे किती भाग. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हवेतल्या रसायनांच्या मर्यादांचा तक्ता त्यात आला. टोल्युईन १०० पीपीएम, झायलीनही १००. पण ही आठ तासांची सरासरी आहे. तुमचे मिस्टर बारा तास आत असतात. म्हणजे श्वास जास्त आणि शरीराला ते बाहेर टाकायला मिळणारी रात्र कमी. आमच्या कामात यासाठी एक गणित वापरतात: आठ भागिले कामाचे तास, गुणिले उरलेले तास भागिले सोळा. बारा तासांना ते बरोबर निम्मं येतं. म्हणजे १०० ची मर्यादा ५० धरायची.

दुसरं, ही दोन्ही रसायनं मेंदूवर एकाच तऱ्हेने चढतात, म्हणून त्यांची बेरीज करावी लागते. ३४ भागिले ५० म्हणजे ०.६८. २९ भागिले ५० म्हणजे ०.५८. बेरीज १.२६. एकच्या वर गेलं की जास्त. खांबाचाच आकडा धरून ही स्थिती आहे, ताई! बारा तासांचं हे गणित कायद्यात लिहिलेलं नाही, पण चांगला हायजिनिस्ट, म्हणजे कामाच्या जागची हवा तपासणारा तज्ज्ञ, ते केल्याशिवाय 'मर्यादेत' लिहीत नाही. शिवाय अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने टोल्युईनची शिफारस २००७ मध्येच २० पीपीएमवर आणली आहे.

मला राग येतो तो 'तब्येत नाजूक' या शब्दांचा. सातात पाच जणांचं डोकं दुखत असेल तर तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी होती.

बूथच्या, म्हणजे ज्या खोक्यात पार्ट ठेवून रंग मारतात त्याच्या, पंख्याची ओढ बघायची असेल तर टिश्यू पेपरची बारीक पट्टी बूथच्या तोंडाशी धरायला सांगा. आत ताठ ओढली गेली पाहिजे. नुसती लोंबत असेल तर बहुधा फिल्टर तुंबलेत. उदबत्ती मात्र चुकूनही लावू नका. धूर बघायला म्हणून पेंट शॉपमध्ये उदबत्ती पेटवणारा मी पाहिलाय, त्या आठवणीने अजून घाम फुटतो.

चाकण_पेंटर:
वहिनी, मी १४ वर्षं गन मारतो. दोन गोष्टी विचारा. एक, हात कशाने धुतात? आमच्याकडे सगळे थिनरने धुवायचे. ते कातडीतून आत जातं, हवेच्या मशीनला दिसतच नाही. दोन, टॉपकोट दोन डब्यांचा आहे का, म्हणजे हार्डनर मिसळतात का? पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास यायच्या आधीच धोका झालेला असतो. मला त्यानेच दमा लागला. सुरुवात अशाच रात्रीच्या खोकल्याने झाली. डॉक्टर दोन वर्षं ॲलर्जी म्हणून गोळ्या देत होते, कारण कामावर काय मारतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तो पांढरा कागदी मास्क वाफ अडवत नाही, धूळच अडवतो. गुळाचा खडा देतात तोही पोटात जातो, फुफ्फुसात नाही.

सेफ्टीवाले_काका:
दादांनी नेमकं सांगितलं. त्या रिपोर्टमध्ये आयसोसायनेट मोजलेलंच नाही, कारण कोळशाच्या नळीत ते मोजता येत नाही, त्याला वेगळा फिल्टर लागतो. डब्यावरचं नाव पाहून सप्लायरकडून एसडीएस, म्हणजे त्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागवा. आणि मेडिकलमधून पीक फ्लो मीटर आणा, जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजायचं. श्वासनळ्या आवळल्या की आकडा उतरतो. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीन फुंका, त्यातला मोठा आकडा वहीत. कामाच्या दिवशीही आणि गुरुवारीही, चार आठवडे. वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा.

लघवीची तपासणी सांगितली तर शिफ्ट संपतानाचा नमुना द्या आणि टोल्युईनसाठी ऑर्थो-क्रेसॉल (टोल्युईनपासून शरीरात बनतं ते) बघतात का ते विचारा. जुनी हिप्प्युरिक ॲसिडची तपासणी लोणच्यातल्या आणि कोल्ड्रिंकमधल्या सोडियम बेंझोएटनेही वाढते.

इंद्रायणीनगर_ताई:
काका, दादा, खूप आभार. डबे दोनच आहेत, हार्डनरचा डबा लहान आहे, त्याच्यावर लेबलच उरलेलं नाही. हातही थिनरनेच धुतात. काल टिश्यूची पट्टी धरली, एका बूथला ओढली गेली, दुसऱ्याला नाही. यांचा बूथ दुसरा.

मीटर आणलं. मुलाच्या जुन्या चौरेघी वहीत रकाने आखलेत. बुधवारी रात्री साडेआठला ३६०. गुरुवारी त्याच वेळेला ४३०. शुक्रवारी रात्री ३९०. बाकीच्या चौघांच्या घरीही मीटर घेतोय. आज एकीला फुंकायचं कसं ते दाखवून आले.