मदत हवी आहे: उंदरांत एंडोटॉक्सिन टॉलरन्स दिसतच नाही

मुक्काम_पाषाण:
दोन खेपा झाल्या. आदल्या दिवशी एलपीएसचा (जिवाणूंच्या कवचातलं विष, म्हणजेच एंडोटॉक्सिन) छोटा डोस, दुसऱ्या दिवशी मोठा. पहिल्यामुळे दुसऱ्याला प्रतिसाद कमी यायला हवा, तोच टॉलरन्स. तरी आधी डोस घेतलेल्यांचा आणि आधी नुसतं सलाइन घेतलेल्यांचा टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) सारखाच! सोमवारी सरांना आलेख दाखवायचाय. काय चुकतंय?

पेशीवाला:
छोटा म्हणजे किती? उंदीर कुठले? सी३एच/हेज जातीचे असतील तर त्यांच्या टीएलआर४ मध्येच (एलपीएस ओळखणारं प्रथिन) बिघाड, दोन्ही गट गप्प राहणार.

मुक्काम_पाषाण:
ब्लॅक सिक्स जातीचे, नर, ८ आठवडे. १ मिग्रॅ/किलो, २४ तासांनी १० मिग्रॅ/किलो, दोन्ही पोटात टोचून.

काचसामान:
द्रावण बघा. एलपीएसचे पुंजके होतात आणि नळीला चिकटतात. टोचण्याआधी दर वेळी ५-१० मिनिटं व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर घुसळा). २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली द्यायचं तर पहिल्या डोसाचं द्रावण ०.१ मिग्रॅ/मिली हवं. सलाइनही तपासा. ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन जात नाही. काच २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजावी लागते. सलाइनच दूषित असेल तर कंट्रोललाही (सलाइनवाल्या गटालाही) टॉलरन्स आला असेल.

पेशीवाला:
१ मिग्रॅ/किलोमधलं थोडं चिकटलं तरी टॉलरन्स यायलाच हवा. उंदीर सोडा, रॉ २६४.७ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी) घ्या. १० नॅनोग्रॅम/मिली २४ तास, दोनदा धुवा, मग १०० नॅनोग्रॅम/मिली, ४ तासांनी वरचं द्रव काढा.

काचसामान:
प्रश्न उंदरांचा आहे हो.

विषविद्या:
अँटीव्हेनमसाठी घोड्यांना वाढत्या मात्रेत विष देतात, काही आठवडे लागतात. तुम्हीही घाई करू नका.

मॅक्रोफेज_पुणे:
ती प्रतिपिंडं, ही गोष्टच वेगळी. इथे २४ तासांत मॅक्रोफेज स्वतःचा संदेश आवरतात, आयरॅक-एम वगैरे (संदेश रोखणारी प्रथिनं) वाढतात. बीसन या संशोधकांनी १९४०च्या दशकात थोरोट्रास्ट (थोरियमचे कण असलेलं द्रव) देऊन सशांच्या भक्षक पेशी अडवल्या, तर टॉलरन्स गेला.
आणि मुख्य गोष्ट कुणी विचारलीच नाही. मोठ्या डोसानंतर रक्त किती वेळाने काढलंत? आकडे किती आले?

मुक्काम_पाषाण:
६ तासांनी, आयएल-६ही (दाहाचं आणखी एक प्रथिन) त्यातच मोजायचं होतं. टीएनएफ दोन्ही गटांत स्टँडर्डच्या (तुलनेसाठीच्या ज्ञात मात्रांच्या) सगळ्यात खालच्या बिंदूजवळ.

मॅक्रोफेज_पुणे:
मग तेच. सीरममधला टीएनएफ ६० ते ९० मिनिटांत शिखर गाठतो. ६ तासांनी कंट्रोलचाही उतरलेला असतो, फरक दिसणार कुठून? ९० मिनिटांना शेपटीतून ५० मायक्रोलिटर घ्या, एलायझाला (प्रथिन मोजायची चाचणी) १:१० पातळ करून लावा, नाहीतर कंट्रोल स्टँडर्डच्या वर जाईल. आयएल-१० (दाह शमवणारं प्रथिन) मात्र पडेलच असं धरू नका. टॉलरन्स म्हणजे सगळंच बंद नव्हे.

मुक्काम_पाषाण:
६ तासांचं सीरम उणे ८० वर आहे. त्यावर आयएल-६ लावू?

मॅक्रोफेज_पुणे:
लावा. त्याला ६ तास चालतात. बर्फावर, एकदाच वितळवा.