‘पेट्रोकेमिकल हब’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका प्रादेशिक बंदराचा पेट्रोकेमिकल हब म्हणून विकास करायचा प्रस्ताव मराठीत आणतोय. ‘हब’ला ‘आगार’ चालेल का? ‘केंद्र’ फार गुळमुळीत वाटतं.

उत्तर: आगार नको. आगारात वस्तू साठते. जेट्टी आणि टाक्या एवढंच असेल तर तेलाचं आगार म्हणा, बिनचूक आहे. हबमध्ये माल बदलतो. जहाजातून नाफ्था किंवा इथेन हा तेल-वायूपासूनचा कच्चा माल उतरतो, क्रॅकरमध्ये, म्हणजे रेणू तोडणाऱ्या तापत्या भट्टीत, त्याचं इथिलीन होतं आणि तो वायू पाइपलाइनने शेजारच्या कारखान्यात जाऊन त्याचं प्लॅस्टिक होतं. इथिलीन उणे १०४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे गार ठेवून लांब न्यायचं तर खर्च वाढतो. म्हणून हे कारखाने एकमेकांना खेटून बसतात. हा शेजार शब्दात यायला हवा.

दुसरं मत: मग ‘आगर’ घ्या की! मिठागरात मीठ नुसतं साठत नाही, पिकतं.

उत्तर: अर्थाने जवळ आहे, मान्य. पण ‘गुणांचं आगर’ ऐकलेल्या कानाला ‘रसायनांचं आगर’ म्हणजे टोमणाच वाटेल.

तिसरं मत: ‘पेट्रोकेमिकल संकुल’ रुळलेला शब्द आहे.

उत्तर: रुळलाय, पण साधारण एका कंपनीच्या कुंपणापुरता. गुजरातेत दहेजला ‘ओपल’ कंपनीचं आहे ते संकुल, अख्खा दहेज पट्टा संकुल नव्हे. केंद्र सरकारच्या २००७ च्या धोरणात अशा पट्ट्यांना ‘गुंतवणूक प्रदेश’ म्हटलंय, किमान २५० चौरस किलोमीटरचा. सरकारी शब्द आहे, जिभेवर बसत नाही, पण आवाका बरोबर सांगतो.

चौथं मत: जहाजवाल्यांचं ‘हब’ विसरू नका. तिथे मोठ्या जहाजातले कंटेनर लहान जहाजांत चढतात आणि पुढे जातात, बंदराबाहेर पाऊलही टाकत नाहीत. कोलंबो त्या अर्थाने हब. सिंगापूर दोन्ही अर्थांनी: कंटेनरची अदलाबदल आहेच, शिवाय सात बेटं भराव घालून जोडलेलं जुरोंग बेट रसायनांसाठी.

प्रश्नकर्ता: म्हणजे नुसतं ‘हब बंदर’ लिहिलं तर घोटाळा?

उत्तर: नक्कीच. शीर्षकात ‘पेट्रोरसायन उद्योगाचं केंद्र’ ठेवा, गुळमुळीत असलं तरी चुकीचं नाही. आणि पहिल्याच परिच्छेदात ‘पाइपलाइनने जोडलेले कारखाने’ असं उघड लिहा. ‘बंदर हब होईल’ हेही टाळा. हब होणार ते बंदरामागच्या जमिनीवर. ‘बंदरालगत’ लिहिलंत की जमीन कुणाची, हा प्रश्न वाचणारा आपणच विचारेल.