मदत हवी आहे: १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ठोकली, चलन आणि दुरुस्तीबद्दल

ओल्या वळणावर गाडी घसरून पुढचं डावं चाक दुभाजकावर आदळलं. कुणाला लागलं नाही. वेगाचं चलन आलंय, अजून भरलेलं नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचाय म्हणून काही खोललेलं नाही, फोटो मात्र भरपूर काढलेत. बॉनेट आणि फेंडरमधली फट पुढे बोटभर, मागे पार बंद. या गाडीत लिव्हर-आर्म शॉक (दांडा असलेला जुन्या पद्धतीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हाच पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो, त्यामुळे तो वाकलाय की क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई), हे बाहेरून कळत नाही. क्रॉसमेंबर चार बोल्टवर बसतो, तो बदलता येईल. बॉडी मोनोकॉक (वेगळी चासी नाही, बॉडीच सांगाडा), म्हणून खरी धास्ती रेल्सची, म्हणजे बॉडीतल्याच लांब तुळयांची आहे. गाडी भंगारात द्यायची नाहीच.

चलन आत्ता भरलं तर विमा कंपनी ते चूक कबूल केल्यासारखं धरते का? आणि इंजिन न उतरवता रेल्सची कर्णमापं (वाकल्यात का ते कळायला तिरपी, समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली मापं) नेमकी कुठून कुठे घ्यायची?