चिकलठाण्याची गळती कोरोनाआधीचीच

चिकलठाण्याचे, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) विमानतळाचे, प्रवासी कोरोनाने घालवले असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज ही विमान कंपनी बंद पडली, आपली पडझड तिथूनच सुरू झाली. देशभरातली विमानं थांबली ती नंतर, मार्च २०२० मध्ये. देशांतर्गत प्रवासी २०१९ मध्ये १४ कोटींवर होते, २०२० मध्ये सव्वासहा कोटींच्या आसपास आले, २०२३ मध्ये १५ कोटींच्या पुढे गेले. देश सावरला की! नांदेडलाही मार्च २०२४ अखेर स्टार एअर आली तेव्हा वर्दळ परतली.

माझा भाऊ शहराजवळच्या वाळूजला कंपनीत आहे. सकाळी बंगळुरूला पोचायचं तर रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुण्याला जातो, बॅग मांडीवर घेऊन. प्रवासी आपला, पण मोजला जातो पुण्याच्या आकड्यात.