सांगलीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने मांजर आणावं का?

विश्रामबाग_दुसरं_वर्ष

विश्रामबागेत आम्ही तिघं मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, बाल्कनीला नुसता कठडा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. खाली पार्किंगमध्ये मांजराचं एक पिल्लू कालपासून ओरडतंय. आई दिसलेली नाही. डोळे उघडलेत, चालतं, पण धडपडत. त्याला वर आणून पाळावं असं फार वाटतंय.

अडचणी आधीच सांगतो. कॉलेज सकाळी साडेनऊ ते पाच. मेस आणि भाडं जाऊन महिन्याला दीड-दोन हजार उरतात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात विट्याला घरी जातो, घरी अजून विचारलेलं नाही. एक मित्र तयार आहे. दुसऱ्याला धुळीची ॲलर्जी आहे, तो "बघू" म्हणतो. घरमालक पुण्यात असतात, भाडेकरारात प्राण्यांबद्दल काहीच नाही. फ्लॅटवर मांसाहार शिजत नाही, दूध-चपातीवर मांजर राहील का? आणि मुळात आत्ता आणावं की नोकरी लागल्यावर?

भाटी_आणि_बोका

पाळायचं की नाही हे नंतर, आधी पिल्लाचं बघू. लगेच उचलू नका. आई शिकारीला गेली की चार-पाच तास येत नाही, आणि जागा बदलताना पिल्लं एकेक करून नेते, त्यात शेवटचं बराच वेळ मागे राहतं. माणसं भोवती उभी असली तर ती जवळ येतच नाही. पिल्लाभोवती हातभर अंतरावर गव्हाच्या पिठाचं पातळ कडं भुरभुरवा आणि तिथून निघून जा. सकाळी पिठात मोठ्या पंजाचे ठसे दिसले तर आई येऊन गेली.

पिल्लू हाताला गार लागत असेल, भिजलं असेल, अंगावर मुंग्या असतील किंवा डोळे पुवाने चिकटले असतील तर मात्र थांबू नका. अशा वेळी आधी ऊब आणि मग दूध, हा क्रम चुकवू नका. गार पडलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं आणि त्याला नीट गिळता येत नाही, दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. पाजायचं ते पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर कालवून, पालथं ठेवून, आई पाजते त्या स्थितीत. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून कधीच नाही. गाईच्या दुधाने बहुतेकांना जुलाब होतात, आणि एवढ्या लहान जिवाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत.

वय दातांवरून कळतं. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, मागच्या दाढा पाचव्या-सहाव्या आठवड्यात. धडपडत चालतं म्हणताय त्यावरून साडेतीन-चार आठवड्यांचं असावं. या वयाला दर चार तासांनी पाजावं लागतं. तुमचं साडेनऊ ते पाचचं गणित इथेच मोडतं.

आता मूळ प्रश्न. घरात राहणारं, नीट सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. तुमची डिग्री संपायला अडीच वर्षं उरली आहेत. म्हणजे आज पिल्लू आणलं तर ते सांगलीत फार थोडा काळ असेल, बाकी आयुष्य पुण्यात, बंगळुरात, जिथे नोकरी लागेल तिथे किंवा विट्याला. म्हणून आत्ताच्या वेळापत्रकापेक्षा मला दोन उत्तरं महत्त्वाची वाटतात: सुट्टीत मांजर कुठे असेल, आणि डिग्री संपल्यावर कोणाचं असेल. दोन्हीला एकेका माणसाचं नाव देता आलं पाहिजे. "काहीतरी होईल" हे उत्तर असेल तर आणू नका. शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की कॉलेजच्या भागात पाळलेली मांजरं रस्त्यावर येतात. त्यांना शिकार येत नाही, कुत्र्यांपासून पळायची सवय नसते, त्या भागातले बोके त्यांना टिकू देत नाहीत. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेशप्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

दोन्ही उत्तरं मिळाली तर माझं मत असं, की विद्यार्थ्याने पिल्लू आणण्यापेक्षा दीड-दोन वर्षांचं, नसबंदी झालेलं मांजर घ्यावं. त्याचा स्वभाव आधीच कळतो, ते दिवसाचे बरेच तास झोपतं, आठ तास एकटं राहू शकतं. पिल्लाला एकटं ठेवलं की ते पायांना चावायला शिकतं, कारण खेळायला दुसरं कोणी नसतं.

पशुवैद्यक_मिरज

दूध-चपातीवर मांजर राहणार नाही. ते जगताना दिसेल, पण आतून खराब होत जाईल. मांजराला टॉरीन हे पोषणद्रव्य लागतं आणि ते प्राणिज अन्नातूनच मिळतं. ते कमी पडलं की काही महिन्यांत डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. नजर गेली तर परत येत नाही. कुत्र्याचं खाद्यही त्याच कारणासाठी चालत नाही. नुसतं उकडलेलं चिकन हेसुद्धा पुरं अन्न नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. तुमच्या घरात सोपा मार्ग म्हणजे मांजराचं तयार कोरडं खाद्य. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, आणि पाण्याची भांडी दोन, खाद्यापासून लांब. कोरड्या खाद्यावरची मांजरं पाणी कमी पितात, म्हणून जमेल तेव्हा ओलं पाकीट द्यावं.

लसीकरण असं: आठव्या-नवव्या आठवड्यात ट्रायकॅट या तीन आजारांवरच्या एकत्र लसीचा पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, तीन महिन्यांचं झालं की रेबीज. मग दरवर्षी बूस्टर. त्या तिन्हींपैकी पॅनल्यूकोपेनिया हा लस न दिलेल्या पिल्लांना सर्रास मारणारा विषाणू आहे. तो जागेत वर्षभरसुद्धा टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही. आधी त्या घरात असं पिल्लू गेलं असेल तर नवं बिनलसीचं पिल्लू तिथे आणू नये. जंताचं औषध पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी, आणि दर वेळी वजन करूनच.

नसबंदी पाचव्या महिन्यात करा, "एक वेत होऊ दे" म्हणून थांबू नका. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि गाभणकाळ जेमतेम ६३ ते ६५ दिवसांचा. बोक्याची उशिरा केली तर तोवर भिंतीवर मुतायची सवय लागते आणि कधीकधी ती नंतरही जात नाही. भाड्याच्या घरात तर डिपॉझिट यातच जातं.

खर्चाचा अंदाज देतो, दवाखान्यागणिक फरक पडेल. खाद्य महिन्याला सहा-सातशे, लिटर (म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची माती) तीनशे ते पाचशे. पहिल्या वर्षी लस, नसबंदी, मांजर न्यायची टोपली, ट्रे मिळून आठ ते बारा हजार. म्हणजे महिन्याचा खर्च तुमच्या दीड-दोन हजारांत बसतो, पहिल्या वर्षाचा बसत नाही. शिवाय पाच हजार बाजूला पडलेले हवेत, आणि त्यांना हात लावायचा नाही. कारण सांगतो: बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, लघवी थेंबभरही येत नाही, असं झालं तर मार्ग बंद झालेला असतो. दोन दिवसांत जीव जातो. "बद्धकोष्ठ असेल" म्हणून लोक थांबतात तिथेच बोका जातो. तसंच कोणत्याही मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दाखवा. उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठायला लागते, आणि जाड मांजरांना हे फार लवकर होतं.

तीन मुलांच्या फ्लॅटवर हमखास असणाऱ्या जीवघेण्या गोष्टी: पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे. अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, ते पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या. फिनेलने पुसलेली ओली फरशी, कारण पंजे चाटले की ते पोटात जातं. कुत्र्याचं पिसवांचं औषध, त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात. कांदा-लसणाची भाजी. हार-तुरे बांधायचा दोरा, तो जिभेवरच्या काट्यांमुळे बाहेर टाकता येत नाही, गिळलाच जातो आणि आतडं गोळा होतं.

ॲलर्जीवाल्या मित्राचं "बघू" घेऊ नका. ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची असते, त्यामुळे केस झाडून ती जात नाही. मांजर गेल्यावरही ते खोलीत महिनोन्‌महिने राहतं. त्याला आधी कोणाच्या तरी मांजर असलेल्या घरी चार-पाच वेळा दोन-दोन तास बसवा. शिंका, डोळ्यांना खाज इतकंच असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. छाती घरघरली तर त्या फ्लॅटमध्ये मांजर नको.

गावभाग_सांगली

घराचं मी लिहितो. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. पण घरमालकाशी केलेला करार वेगळा. करारात उल्लेख नाही याचा अर्थ परवानगी आहे असा धरू नका, अकरा महिन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी हाच मुद्दा येतो. घरमालक काकांना फोन करा आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: एक मांजर, नसबंदी केलेलं, नुकसान झालं तर डिपॉझिटमधून.

बाल्कनीला जाळी लावल्याशिवाय मांजर आणू नका. तिसरा मजला म्हणजे फार उंच नाही असं वाटतं, पण कबुतरामागे उडी मारताना मांजर कठडा बघत नाही. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी चालते, फक्त ती हुकांना ताणून बांधलेली हवी, खालच्या बाजूलाही. खाली मोकळी ठेवली की तिथूनच निसटतं. मच्छरदाणीची प्लॅस्टिक जाळी नखांनी फाटते. घरमालकाला भोकं नको असतील तर बाल्कनीचं दार कायम बंद. तेही चालतं, पण तिघांनीही ते पाळायला हवं, आणि मित्र आले की तिथेच चुकतं.

लिटरचा ट्रे बाथरूमच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनपासून लांब. मशीन सुरू असताना एकदा घाबरलं की ते ट्रे सोडून पलंगावर करायला लागतं. लिटरचा थर दोन-अडीच इंच, खडे रोज दोनदा काढायचे, महिन्यातून एकदा सगळं बदलून ट्रे साध्या साबणाने धुवायचा. गोळा होणारं बेंटोनाइट लिटर संडासात टाकू नका, पाइपात सिमेंटसारखं बसतं आणि खालच्या मजल्याचं तुंबतं. तीन महिन्यांआतल्या पिल्लाला ते लिटर देऊही नका, ती खाऊन बघतात.

आणि सांगलीत राहताय तर पुराचा विचार आधी करा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ ला पुन्हा गावात शिरलं. विश्रामबाग गावभागापेक्षा सुरक्षित, तरी वीज, पाणी, दुकानं सगळीकडेच बंद पडतात, आणि कॉलेजला सुट्टी दिली की विद्यार्थी मिळेल त्या गाडीने घरी जातात. पावसाळाभर दहा दिवसांचं खाद्य आणि लिटर घरात ठेवा. टोपली कायम उघडी, आत जुनं फडकं घालून, खोलीत पडू द्या. माळ्यावरून ऐन वेळी काढलेल्या टोपलीत कुठलंच मांजर जात नाही. पुठ्ठ्याचं खोकं नको, भिजलं की तळ सुटतो.

विश्रामबाग_दुसरं_वर्ष

पिठाचं सांगितलं तसं केलं. सकाळी मोठे ठसे होते, आणि संध्याकाळी जिन्याच्या खाली आई दिसली, करड्या पट्ट्यांची, आणखी एक पिल्लूही आहे. ॲलर्जीवाल्या मित्राने स्पष्ट नकार दिला. घरमालक काका हो म्हणतात, पण विट्याहून आई नको म्हणाली. मग आता हे तिघं तिथेच राहू दे का? काहीच न करणं बरं वाटत नाही.

भाटी_आणि_बोका

सुट्टीच्या प्रश्नाला नाव मिळालं नाही आणि घरातला एक जण नको म्हणतोय, म्हणजे या वर्षी पाळायचं नाही. पण करण्यासारखं बरंच आहे, आणि ते तुमच्या दीड-दोन हजारांत बसतं.

आईला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात खायला द्या. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट लागतं, आणि पिल्लांचं खाद्य दिलं तर ते तिला जास्त उपयोगी. अर्ध्या तासाने भांडं उचला, नाहीतर मुंग्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी दोन्ही सुरू होतात. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांना तेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून ताटलीत. याच काळात दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं त्यांना हाताळा. माणसाची ओळख सात-आठ आठवड्यांच्या आत झाली तरच ती घरात रुळतात, नंतर जड जातं. तुमच्या सवडीत बसणारं आणि त्यांचं आयुष्य बदलणारं काम हेच आहे.

ती आठ आठवड्यांची झाली की, जंताचं औषध आणि पहिली लस देऊन, दोन्ही पिल्लं एकाच घरी द्यायचा प्रयत्न करा. देताना घराला जाळी आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, नसबंदी कधी करणार हे विचारा. फोटो बघून लगेच "आज संध्याकाळी नेतो" म्हणणाऱ्याला एक दिवस थांबवा.

पशुवैद्यक_मिरज

आईची नसबंदी पिल्लं खायला लागल्यावर लगेच करा, आठव्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तोवर रोजचं खाणं पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग आत ठेवत जा, म्हणजे त्या दिवशी धरायला सोपं जाईल. हाताने उचलू नका. चावली किंवा ओरबाडली तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन सुरू करायचं, मांजर ओळखीचं असलं तरी.

ऑपरेशनआधी मोठ्या मांजराला रात्री बारानंतर खायला नाही, पाणी चालतं. वेळ घेतानाच डॉक्टरांना सांगा की रस्त्यावरची मांजर आहे: टाके विरघळणारे घाला, भुलीत असतानाच रेबीजची लस द्या, आणि डाव्या कानाचं टोक खुणेसाठी कापा. टाके काढायला ती दुसऱ्यांदा पिंजऱ्यात येणार नाही. कानाची खूण नसली तर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी तिला धरून आणतं आणि पोट पुन्हा उघडलं जातं. भूल पूर्ण उतरेपर्यंत, निदान एक रात्र, तिला बंद खोलीत पिंजऱ्यातच ठेवा. तुमच्या ॲलर्जीवाल्या मित्राच्या खोलीपासून लांब, बाथरूममध्ये जमेल. सकाळी खाल्लं, नीट चालली, टाक्यांतून रक्त नाही, मग जिथून उचलली तिथेच सोडा, दुसऱ्या गल्लीत नाही.